देवासाठी कॅपिटल ‘एच’: मराठी बायबलला त्याची गरज का पडत नाही?

इंग्रजी वचनाच्या पोस्टखाली हा वाद हमखास दिसतो. कोणीतरी देवाबद्दलचा ‘ही’ किंवा ‘हिम’ लहान ‘एच’ने लिहितो आणि लगेच कोणीतरी विचारतो, “देवाचा मान ठेवता येत नाही का?” मग मराठीचं काय? देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच. म्हणजे मराठी बायबलमध्ये देवाचा मान कमी आहे का?

मूळ ग्रंथात काय आहे?

जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे आणि हिब्रू लिपीत देवनागरीसारखाच लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. नवा करार ग्रीक भाषेतला. त्याची सुरुवातीच्या शतकांतली हस्तलिखितं एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. ग्रीक लहान अक्षरांचं लेखन रूढ झालं ते साधारण नवव्या शतकात. म्हणजे देवाचं सर्वनाम मोठ्या अक्षराने लिहिण्याची पद्धत मूळ ग्रंथातली नाही, ती नंतरची आहे.

इंग्रजीत तरी एकमत आहे का?

नाही. १६११ च्या प्रसिद्ध किंग जेम्स बायबलमध्ये ही पद्धत पाळलेली नाही. १९८२ च्या न्यू किंग जेम्समध्ये ती आहे. न्यू इंटरनॅशनल व्हर्जन आणि इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन ही मोठ्या प्रमाणावर वाचली जाणारी भाषांतरं लहान अक्षरच वापरतात.

यात एक अडचणही आहे. मोठं अक्षर वापरायचं, तर ‘तो’ म्हणजे नेमका कोण हे भाषांतरकाराला आधी ठरवावं लागतं. उत्पत्ती ३:१५ मध्ये स्त्रीची संतती सापाचं डोकं ठेचेल असं म्हटलं आहे. न्यू किंग जेम्स तिथे मोठं अक्षर वापरतं, म्हणजे ही संतती ख्रिस्तच, असा अर्थ वाचकाला आधीच सांगून टाकतं. लहान अक्षर वापरणारी भाषांतरं तो निर्णय वाचकावर सोडतात.

मराठीत मान कुठे दिसतो?

मराठीत मान क्रियापदात आणि सर्वनामात असतो: तू, तुम्ही, आपण, तो, ते, म्हणाला, म्हणाले. पण देवाच्या बाबतीत आपला रिवाज उलटा आहे. साहेबांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो, विठ्ठलाला ‘तू’. सरपंच ‘आले’, पण राम वनवासाला ‘गेला’ आणि कृष्ण ‘म्हणाला’. यात अपमान नाही, जवळीक आहे. आईला ‘तू’ म्हणतो, तशीच.

मराठी बायबल याच वळणाने गेलं. बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात येशूसाठी निवेदनात ‘तो’ आणि ‘म्हणाला’ येतं. पण योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरची शोमरोनी स्त्री त्याच्याशी बोलते तेव्हा ‘महाराज’ आणि ‘आपण’ म्हणते. अनोळखी माणसाशी मराठी बाई असंच बोलेल.

अलीकडच्या काही भाषांतरांत मात्र येशू ‘गेले’, ‘म्हणाले’ असं आदरार्थी रूप आहे. आजच्या बोलण्यात ते अनेकांना बरं वाटतं. पण त्याचीही किंमत आहे. “ते गालीलात गेले” असं सुटं वाक्य वाचलं, तर एकटा येशू गेला की शिष्यही गेले, हे मागचं-पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही.

जालन्याचं उदाहरण

१८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्यात काम केलं आणि जवळच ख्रिस्ती वस्ती वसवली. तिचं नाव बेथेल, म्हणजे हिब्रूत ‘देवाचं घर’. इंग्रजीत या नावाचा ‘बी’ मोठा काढतात, कारण ते विशेषनाम आहे. हिब्रूत आणि मराठीत तसं काहीच करावं लागत नाही. नावाचा अर्थ आणि मान दोन्हीकडे तोच राहतो.

मग ‘लॉर्ड’ सगळा मोठ्या अक्षरांत का असतो?

तो वेगळा मुद्दा आहे. इंग्रजी जुन्या करारात हा शब्द सगळ्या मोठ्या अक्षरांत छापलेला असेल, तर मूळ हिब्रूत तिथे देवाचं चार अक्षरी नाव आहे. ही खूण आदरापेक्षा माहितीसाठी आहे. मराठीत हे काम शब्दच करतो: त्या नावासाठी ‘परमेश्वर’, इतरत्र ‘देव’. म्हणून उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ‘परमेश्वर देव’ अशी जोडी दिसते.

पोस्ट करताना काय करावं?

- इंग्रजी वचन टाकताना ज्या भाषांतरातून घेतलं, त्यात जसं आहे तसंच ठेवा आणि भाषांतराचं नाव लिहा.
- मराठी वचनातला ‘तो’ बदलून स्वतःहून ‘ते’ करू नका. मजकूर बदलला की ते वचन त्या भाषांतराचं राहत नाही.
- रोमन अक्षरांत मराठी लिहिताना ‘तू’चा ‘टी’ मोठा काढलात, तर अनेक जण ‘टू’ वाचतील, कारण मोठा ‘टी’ बरेच लोक ‘ट’साठी वापरतात.
- लहान अक्षर दिसलं म्हणून समोरच्याच्या श्रद्धेवर शंका घेऊ नका. कदाचित त्याच्या हातातलं बायबलच तसं छापलेलं असेल.