किलवर नावाचं रोप

मे महिन्यात पंचवटीतल्या आमच्या घरी बदाम सातचा डाव बसायचा. बदाम कळायचा, चौकटही कळायची. एकदा आजोबांना विचारलं, "किलवर म्हणजे काय?" "काळं पान," ते म्हणाले आणि किलवरची सत्ती टाकली.

उत्तर खूप वर्षांनी सापडलं. ते चित्र युरोपातल्या कुरणांत उगवणाऱ्या क्लोव्हर या तीन पानांच्या बुटक्या रोपाचं. पंधराव्या शतकात फ्रेंचांनी ते पत्त्यांवर आणलं. इंग्रजांनी चित्र फ्रेंचांचं घेतलं, पण नाव ठेवलं क्लब, म्हणजे सोटा. कारण स्पेन-इटलीच्या जुन्या पत्त्यांवर सोटेच असत. डच मात्र त्याला 'क्लाव्हर' म्हणतात. त्यांच्या भाषेत हेच त्या रोपाचं नाव. सतराव्या शतकात याच डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. म्हणजे आमचा किलवर क्लबशी जुळत नाही, रोपाशी जुळतो. रोप न बघताच आम्ही त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या हातात धरून बसलो होतो.

त्याचे भाऊबंद मात्र नाशिकमध्ये रोज भेटतात. बाजारातली मेथी त्याच्याच कुळातली. एक देठ उचलून बघा, तीन पानं. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'ग्रीक चारा'. त्यांचा चारा, आपली भाजी. इकडचे शेतकरी गाईंना घालतात तो लसूणघासही त्यातलाच, लसणाशी नातं फक्त नावापुरतं. बरसीम तर खरंखुरं क्लोव्हर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इजिप्तमधून सिंधमध्ये आलं आणि येताना आपलं अरबी नाव घेऊन आलं.

गंमत पुढेच आहे. गेल्या पावसाळ्यात कुंडीत तीन-तीन बदामी पानांचं रोप पसरलं. भाची ओरडली, "मामा, क्लोव्हर!" दिसतं तसंच, पण हे त्या कुळातलं नाही. संध्याकाळी पानं मिटतात, फूल पिवळं येतं. आजी ही पानं वरणात टाकायची. भाचीला युरोपातल्या रोपाचं नाव येत होतं, पायाशी उगवलेल्याचं नाही. दोष तिचा कसा म्हणू? आजीनंतर आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं.

मी पान धुऊन तिला दिलं. तिने चावलं, डोळे मिचकावले. "आंबट!"

"तेच नाव आहे त्याचं," मी म्हणालो. "आंबुटी."