मत्स्यजिऱ्यांचा आहार

मत्स्यजिरे म्हणजे माशांची अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली, जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्ले. कटला, रोहू व मृगळ या भारतीय प्रमुख कार्प माशांची जिरे सुमारे तीन दिवस पोटाखालील पिशवीतल्या बलकावर जगतात. बलक संपत आला, की त्यांना बाहेरचे अन्न शोधावे लागते. पाणी जितके उष्ण, तितका बलक लवकर संपतो.

मोठेपणी कटला पृष्ठभागालगत, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. जिऱ्यांच्या अवस्थेत मात्र तिघांचेही मुख्य खाद्य प्राणिप्लवक हेच असते. तोंड अतिशय लहान असल्याने प्रथम रोटिफर व नंतर मॉयना, डॅफ्निया यांसारखे जीव खाल्ले जातात. शेणखत घातलेल्या तळ्यातही हे जीव साधारणतः याच क्रमाने वाढतात. त्यामुळे जिरे सोडण्यास उशीर झाल्यास रोटिफरांचा बहर ओसरलेला असतो आणि सायक्लॉप्ससारखे जीव उलट जिऱ्यांवरच हल्ला करतात. प्लवकांच्या जाळीतून ५० लिटर पाणी गाळून १ ते २ मि.लि. प्लवक मिळाले, तर तळे तयार झाले असे समजतात. जिरे मेली की बीजच निकृष्ट होते, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. दोष पुष्कळदा या वेळेच्या चुकीत असतो.

==पाण्याची स्थिती==
जिरे भक्ष्य प्रामुख्याने डोळ्यांनी टिपतात. पावसाच्या लोंढ्याबरोबर माती येऊन पाणी गढूळ झाले, की भक्ष्य दिसेनासे होते. शिवाय सूर्यप्रकाश अडल्याने वनस्पतिप्लवक घटतात व त्यांवर जगणारे प्राणिप्लवकही कमी होतात. या माशांचा प्रजननकाळ पावसाळ्यातच येत असल्याने ही अडचण नित्याची आहे.

तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असताना भूक चांगली असते. पाणी थंड झाल्यास ती मंदावते. फार तापलेल्या पाण्यात पिल्लांची प्राणवायूची गरज वाढते, पण विरघळलेला प्राणवायू मात्र कमी होतो. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तळ्यात रात्रभर प्राणवायू खर्च होऊन पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत खाली जाते. अशा वेळी पिल्ले खाणे सोडून पृष्ठभागावर येतात. तेव्हा शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा यांचे पूरक खाद्य टाकल्यास ते तळाशी कुजून उरलासुरला प्राणवायूही घटवते. म्हणून ऊन वर येईपर्यंत खाद्य थांबवतात.