उपवासाला बटाटा कसा चालू लागला? कपिलधारच्या वाटेवरून एक धागा

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरकुशीत कपिलधार वसले आहे. तेथील धबधबा आणि संतशिरोमणी मन्मथस्वामींची संजीवन समाधी यांमुळे हे स्थान सर्वदूर परिचित आहे. कार्तिक पौर्णिमेला महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून वीरशैव भाविक येथे येतात. त्यांतील अनेक जण पायी दिंड्यांनी. पंचांग उघडून पाहिले तर ध्यानात येते की पौर्णिमेच्या आधीच्या चारच दिवसांत उपवासाच्या तिथी दाटीने येतात. कार्तिकी एकादशी, त्रयोदशीचा प्रदोष, वैकुंठ चतुर्दशी; त्यात सोमवार आला तर तोही.

अशा दिवशी मराठवाड्यातील बहुतेक घरांत जे ताट वाढले जाते, त्यात उकडलेल्या बटाट्याची भाजी असते. तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, शेंगदाण्याचे कूट, मीठ. हळद नाही, मोहरी नाही. "पूर्वापार चालत आलेला सात्त्विक आहार" असे तिचे वर्णन आपण नेहमी ऐकतो. या धाग्यात त्या 'पूर्वापार' शब्दाची तपासणी करू. त्यातूनच आरोग्याचा प्रश्नही आपोआप पुढे येतो.

मन्मथस्वामींचा काळ सोळाव्या-सतराव्या शतकांतला. 'परमरहस्य' हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांच्या हयातीत या डोंगरात उपवास करणाऱ्या माणसाला ही भाजी मिळाली असती काय?

मिळाली नसती. बटाटा तेव्हा दख्खनच्या शेतीत आलेलाच नव्हता.

बटाट्याची मूळ भूमी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. टिटिकाका सरोवराच्या परिसरात तो काही सहस्र वर्षांपूर्वी माणसाळला गेला. तेथील लोक तो रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसाच्या उन्हात वाळवून 'चुनो' नावाने वर्षानुवर्षे साठवीत. इसवी सन १५३० नंतरच्या दशकांत स्पॅनिश लोकांनी इंका साम्राज्य जिंकले, आणि युरोपला या कंदाची ओळख झाली. १५७३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथील एका रुग्णालयाच्या खरेदीत बटाट्याची नोंद सापडते.

आपला शब्दही हीच वाट सांगतो. 'बटाटा' हा पोर्तुगीज 'बटाटा'च, आणि पोर्तुगीजांकडे तो स्पॅनिशमधून आलेला, स्पॅनिशांनी कॅरिबियन बेटांवरील रहिवाशांकडून उचललेला; तेथे त्याचा अर्थ होता रताळे. हिंदीने मात्र जुना देशी शब्द नव्या कंदाला दिला: संस्कृत 'आलुक' म्हणजे कंद, त्यावरून 'आलू'. या शब्दांच्या सरमिसळीमुळे इतिहासाच्या अभ्यासकाला फार जपून चालावे लागते. सतराव्या शतकातील इंग्रज प्रवाशांच्या भारतवर्णनांत 'पोटॅटो' आढळतो, पण तो रताळे असण्याचाच संभव अधिक. (समाजमाध्यमांवर "मुघलांच्या मेजवानीतला बटाटा" म्हणून जे फिरते, ते याच गोंधळाचे अपत्य.)

बटाट्याची लागवड भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात, कंपनी सरकारच्या उत्तेजनाने. १८२० मध्ये विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात स्थापन झालेल्या कृषी व उद्यान संस्थेने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. सह्याद्रीत महाबळेश्वरला इंग्रजांचे थंड हवेचे ठाणे उभे राहिले, तेव्हा तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांनी भाजीपाल्याचे मळे फुलवले. त्यांत बटाटाही होता. पुढे पुणे जिल्ह्यातील खेड-जुन्नरच्या पट्ट्याने हे पीक आपलेसे केले. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते. कोरडवाहू ज्वारी-बाजरीचा मुलूख, आणि बीड शहराला अगदी अलीकडेपर्यंत रेल्वेही नव्हती. म्हणजे कपिलधारच्या आसपासच्या खेड्यांत बटाटा पोहोचला तो मुख्यतः बाजाराच्या वाटेने, आणि उशिराच.

सरकारला बटाट्याचे एवढे प्रेम का होते? कारण पोषण. आयर्लंडमधील गरीब मजूर बटाटा आणि ताक यांवर जगत आणि तरीही धट्टेकट्टे असत, हे युरोपातील विचारवंतांनी पाहिले होते. थोड्या जमिनीत पुष्कळ पोटे भरणारे हे पीक वसाहतीतील प्रजेलाही खाऊ घालावे, म्हणजे ती सुदृढ आणि उद्यमशील होईल, अशी त्यामागची कल्पना होती. १८४५ पासून आयर्लंडमध्ये करपा रोगाने हेच पीक सडले आणि सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली. एकाच कंदावर समाज टांगून ठेवल्याचा तो परिणाम होता. (आयर्लंडमधून धान्य व जनावरे त्याही काळात निर्यात होतच होती, हा त्यातील राजकीय भाग. त्यावर स्वतंत्र धागा हवा.)

मुद्दा असा की हा कंद परका होता, सरकारी उत्तेजनाने आला होता, आणि तरीही उपवासाच्या ताटात शिरला. परक्या वस्तूविषयी सोवळे पाळणाऱ्या घरांनी त्याला आत कसे घेतले?

याचे उत्तर धर्मशास्त्राच्या रचनेत आहे. आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे एक प्राचीन वचन आहे: पाणी, मूळ, फळ, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. उपवासाचा नियम अशा प्रकारे पदार्थांची नावे सांगत नाही, वर्ग सांगतो. वर्ज्य ते धान्य. चालते ते कंद, मूळ, फळ. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांचा विस्तृत विचार केला आहे. व्रतांचे नियम किती बारकाईने बांधलेले आहेत, हे तेथे पाहावे. बटाटा आला तो जमिनीखालून निघणारा कंद म्हणून, आणि 'कंदमुळे' या वर्गात सहज बसला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेले खोड आहे. पण हा वाद स्वयंपाकघरात कोण घालणार?

याच नियमाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. कपिलधारपासून फार दूर नाही असे, धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. तेथे येणारा श्रद्धाळू जैन यात्रेकरू बटाटा खाणार नाही. जैन आचारात कंदमुळे 'अनंतकाय' मानली जातात: एका शरीरात अनंत जीव, शिवाय ते उपटताना मातीतील जीवांची हिंसा. जुन्या जैन ग्रंथकारांनीही बटाटा कधी पाहिला नव्हता. त्यांनीही वर्गच सांगितला होता. बटाटा आला, तो कंद ठरला, आणि एका दारातून आत घेतला गेला तर दुसऱ्या दारातून परतवला गेला. दोन्हीकडे कारण एकच. परंपरा नव्या वस्तूशी कशी वागते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही.

आता त्या ताटाकडे पुन्हा पाहू. बटाटा अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही अमेरिकेची. शेजारी रताळे असेल तर तेही तिकडचेच, आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावाही. याउलट ज्या हळदीला या ताटात मज्जाव, ती मात्र अस्सल इथली! जुन्या ताटातले म्हणता येतील असे उरतात ते वरई, शिंगाडा, सुरण, दूध आणि फळे.

येथे दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, पूर्वजांनी सांगितले म्हणजे आरोग्यदायीच असणार. दुसरी म्हणते, परदेशी कंद, फेकून द्या. इतिहास दोघांनाही साथ देत नाही. पूर्वजांनी बटाट्याविषयी काहीच सांगितलेले नाही. आणि वस्तूचे मूळगाव तिचे पोषणमूल्य ठरवत नाही. ते ठरते घटकांवर आणि शिजवण्याच्या रीतीवर.

सालीसकट उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात साधारण ८७ किलोकॅलरी, २० ग्रॅम कर्बोदके, जेमतेम २ ग्रॅम प्रथिने, सुमारे ३८० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि १३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. स्निग्धांश जवळजवळ शून्य. तोच बटाटा आधी सोलून उकडला तर क जीवनसत्त्व सुमारे ७ मिलिग्रॅमवर येते. उरलेले पाण्यात उतरते, उष्णतेने नष्ट होते. म्हणजे आपल्या आज्यांची 'आधी उकड, मग सोल' ही रीत सोयीची होती तशीच गुणाचीही. शेंगदाण्याचे कूट या भाजीत केवळ चवीला नसते. बटाट्यात नसलेली प्रथिने आणि स्निग्धांश ते पुरवते.

अडचण साखरेची आहे. उकडलेल्या गरम बटाट्याचा ग्लायसेमिक निर्देशांक बहुधा ७० च्या वर, म्हणजे उच्च गटात येतो. त्यातील पिष्ट झपाट्याने पचून रक्तातील साखर वाढवते. उकडून थंड केल्यास पिष्टाचा काही भाग पचनास जड अशा रूपात बदलतो आणि ही वाढ थोडी मंदावते. जाती, वाण, शिजवण्याचा काळ यांनुसार आकडे बदलतात, पण दिशा हीच.

नियम मुळात आहार मर्यादित करण्यासाठी होता. धान्य सोडले की माणूस आपोआप थोडे खाई, कारण कंदफळे थोडीच मिळत. बटाटा बाजारात बारमाही मिळू लागला तेव्हा 'थोडे खा' याचे 'दुसरे खा' झाले. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी, संध्याकाळी तळलेले वेफर्स. वेफर्सच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग तेल असतो, आणि १०० ग्रॅमला ५०० हून अधिक किलोकॅलरी होतात. मधुमेह असलेली वडीलधारी माणसे "उपवासाचेच तर आहे" म्हणून हे सारे निर्धास्तपणे खातात आणि औषधाची गोळी मात्र उपाशीपोटी नको म्हणून टाळतात, असे मी आमच्या नात्यातच पाहिले आहे. त्या आठ अपवादांत औषध स्पष्टपणे नोंदलेले आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. उपवासात गोळीची वेळ आणि मात्रा कशी ठेवावी, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियमसाठीही विचारावे.

आणखी एक गोष्ट, यात्रेच्या गर्दीत मोठ्या पातेल्यांत रांधणाऱ्यांसाठी. उन्हात राहून हिरवा पडलेला किंवा कोंब फुटलेला बटाटा वापरू नये. त्यात सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते, आणि ते उकडल्याने जात नाही. हिरवा भाग खोल कापून टाकावा. फार हिरवा असेल तर बटाटाच टाकून द्यावा.

साबुदाण्याचा प्रवास याहूनही अलीकडचा आहे: त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ, तेथील कसावा, आणि १९४० च्या दशकात सेलमला उभे राहिलेले कारखाने. पुढचा धागा त्यावर.