चांदा, गडचिरोली आणि बरोबरीचे चिन्ह

१/ वनहक्क कायदा २००६ चा. त्यातील ‘आणि’, ‘किंवा’, ‘किमान’ या शब्दांवर चंद्रपूर-गडचिरोलीतील वनवासी कुटुंबांचे दावे तोलले जातात. संगणकाच्या भाषेत हेच काम करणाऱ्या चिन्हांना ऑपरेटर म्हणतात. त्या चिन्हांची आणि त्यांच्या मर्यादेची ही कथा. #धागा

२/ बरोबरीचे ‘=’ हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये छापील ग्रंथात आणले. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचे बीजगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना रचला. हा सारा वारसा त्या भाषेत उतरला.

३/ प्रथम गणित आणि तुलना. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते. कायद्यात एक पिढी २५ वर्षांची. म्हणून २५ * ३, म्हणजे ७५ वर्षे. वहिवाटीच्या जमिनीसाठी क्षेत्र <= ४ हेक्टर. पुराव्यांसाठी संख्या > १.

४/ मग तर्क. ‘आणि’ म्हणजे &&, ‘किंवा’ म्हणजे ||. जंगलावर उपजीविका दोन्ही गटांना आवश्यक आहे. पण
उपजीविका && आदिवासी || तीनपिढ्या
असे लिहिले, तर && आधी सोडवले जाते आणि केवळ तीन पिढ्यांवरही दावा मंजूर होतो. योग्य रूप असे:
उपजीविका && (आदिवासी || तीनपिढ्या)
एका कंसाने कायद्याचा अर्थ राखला.

५/ जावास्क्रिप्टमध्ये रेकॉर्डचे ‘=’ तुलना करत नाही, किंमत नेमून देते. तुलनेसाठी == आहे; पण ते मजकुरातील "4" आणि संख्या 4 यांना समान मानते. १९९९ च्या तिसऱ्या प्रमाण आवृत्तीत === आले. ते प्रकारही तपासते.

६/ आता खरी अडचण. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. आजोबांच्या कागदावर ‘चांदा’, नातवाच्या अर्जावर ‘गडचिरोली’. गाव तेच, घर तेच, पण
"चांदा" === "गडचिरोली"
याचे उत्तर ‘असत्य’. ऑपरेटर अक्षरे जुळवतो. इतिहास त्याला ठाऊक नसतो.

७/ कायदा करणाऱ्यांनी ही उणीव ओळखली होती. म्हणूनच नियमांत दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही पुरावा ठरते, आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभा करते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार तिची गणपूर्ती अशी:
उपस्थित >= एकूण / २ && महिला >= उपस्थित / ३

८/ धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत ते गणले जाते. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. ही && ची सर्वांत लांब साखळी: एकाचाही नकार आला, तर चर्चा पुन्हा सुरू.

<्समाप्त>