शाश्वत पाम तेल : कंपन्यांची वचने

तेलताडाच्या मळ्यासाठी नवे जंगल तोडलेले नसेल, पाणथळ पीट जमीन जाळलेली वा उपसलेली नसेल आणि मजुरांची पिळवणूक झालेली नसेल, अशाच ठिकाणचे पाम तेल घेऊ, ही उद्योगांनी दिलेली जाहीर हमी. भारत हा या तेलाचा सर्वांत मोठा आयातदार असून बहुतेक माल इंडोनेशिया व मलेशियातून येतो.

अशा हमीचा मुख्य आधार म्हणजे युनिलिव्हर, वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर आदींच्या पुढाकाराने २००४ मध्ये स्थापन झालेली ‘राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल’ (आरएसपीओ) ही संस्था. तिचे प्रमाणित तेल २००८ पासून बाजारात आले. जंगलतोडीबाबतचे निकष २०१८ मध्ये कडक झाले. खरी मेख खरेदीच्या पद्धतीत आहे. ‘मास बॅलन्स’मध्ये प्रमाणित आणि साधे तेल एकाच टाकीत मिसळते, हिशेब तेवढा वेगळा राहतो. आणखी एका पद्धतीत तर तेल कुठलेही घ्यावे, प्रमाणपत्र वेगळे विकत घ्यावे. युनिलिव्हरने २०१५ साठी ठरवलेले उद्दिष्ट २०१२ मध्येच गाठले, ते मुख्यतः अशा प्रमाणपत्रांच्या बळावर.

पालघर जिल्ह्यात या साखळीचा एक दुवा तारापूर औद्योगिक वसाहतीत सापडतो. तेथे कारखाना असलेली गॅलेक्सी सरफॅक्टंट्स ही आरएसपीओची सदस्य कंपनी शाम्पू-साबणाला फेस आणणारी रसायने बनवते. त्यांचा एक मूळ स्रोत म्हणजे तेलताडाच्या बियांतील गराचे तेल. तिचे ग्राहक देशोदेशींचे मोठे ब्रँड असल्याने प्रमाणपत्राला तिथे किंमत आहे. त्याच जिल्ह्यातल्या नायगावात फरसाणवाला तेलाचा डबा घेतो तो भाव पाहून, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. राज्य सरकारही मोठा खरेदीदार ठरले : २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ योजनेत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर यांच्याबरोबर एक लिटर पाम तेल होते. अशी खरेदी कंपन्यांच्या वचनांना बांधील नसते.

 

पाम तेलाची आयात घटावी म्हणून केंद्राने २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान जाहीर केले. त्याचा भर ईशान्य भारत व अंदमानवर असल्याने तेथील जंगलांविषयी पर्यावरण अभ्यासकांनी आक्षेप नोंदवले आहेत.