‘आक्रीत’चा प्रेक्षक आणि रसविघ्नाचा प्रश्न

कामवासना आणि खून यांची सांगड घालणाऱ्या चित्रपटाविषयी मराठी प्रेक्षकाचे मत बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाते : ‘हे अश्लील आहे’ किंवा ‘हे तर प्रत्यक्ष घडलेले आहे’. पहिल्या मतात निषेध असतो, दुसऱ्यात समर्थन. परंतु दोन्ही मते विषयवस्तूपाशीच थांबतात; पाहणाऱ्याला मिळणाऱ्या सुखाची चिकित्सा कोणत्याही मतात होत नाही. अमोल पालेकर यांच्या ‘आक्रीत’ (१९८१) या चित्रपटाने हा प्रश्न टाळता येणार नाही अशा रीतीने उभा केला.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व मुली यांचे खून झाले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांसाठी दिलेले नरबळी म्हणून हे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. त्यावर आधारलेली ‘आक्रीत’ची पटकथा विजय तेंडुलकर यांची. मुकुटराव आणि त्याची रखेल रुही यांच्या संबंधात वासना, अपत्यहीनतेचे भय आणि हाव एकमेकांत मिसळलेली आहेत. खुनी कोण, या कुतूहलापेक्षा हे मिश्रणच चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने शृंगार आणि बीभत्स हे परस्परविरोधी रस मानले. त्यामुळे अशा चित्रपटाची अडचण रसविरोधाची आहे, असे वरवर वाटते. वस्तुतः ती साधारणीकरणाची आहे. अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली. दृश्य हे स्वतःच्या वा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालाशी बांधून पाहणे, हे त्यांतील एक. ‘हे मानवतला घडले’ ही जाणीव नेमके असेच विघ्न आहे. ते दूर झाले तर आस्वाद निर्वेध होतो. पण त्याबरोबरच मेलेली मुलगी ही कोणाची तरी मुलगी राहत नाही, ती केवळ भयाचे आलंबन होते. तेव्हा सत्यकथेवरील चित्रपटात विघ्नाचे निवारण हा गुण मानावा की नाही, याचा फेरविचार करावा लागतो.

मेहरूण तलावाकाठच्या जळगाव शहरात १९९४ मध्ये मुलींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. त्यात छायाचित्रांचा धाक दाखवला गेल्याचे आरोप झाले. पडद्यावरील रचित दृश्य आणि हा प्रकार यांत मूलभूत भेद आहे, हे उघडच आहे. तथापि पाहणे ही निरुपद्रवी क्रिया असते, हे गृहीतक या आरोपांपुढे टिकत नाही. कोणीतरी पाहील, या भयावरच तेथे धाकाची सारी शक्ती अवलंबून होती.

मानवतच्याच प्रकरणावर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. तिचा आधार तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे पुस्तक हा आहे. तपासकथेत प्रेक्षकाला पोलिसाच्या दृष्टीचा आश्रय मिळतो : तो पाहतो, ते सत्यशोधनासाठी. हा आश्रय ‘आक्रीत’च्या रचनेचा पाया नाही. म्हणूनच त्याविषयीचे मत अश्लीलता आणि वास्तवता या दोन शब्दांत संपत नाही. कोणाच्या मृत्यूच्या आधारे आपण रंगून गेलो, याचा हिशेबही त्या मताला द्यावा लागतो.