भिक्षापात्र आणि मिताहार : लोणारची महानुभाव परंपरा व चीनचा ताओपंथ

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही स्थाने महानुभाव वाङ्मयात श्रीचक्रधरांच्या संचाराशी निगडित आहेत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा आल्या आहेत. या ग्रंथात चक्रधरांच्या भोजनास ‘आरोगणा’ असा आदरार्थी शब्द योजिलेला असून, बाइसा त्यांच्या भोजनाची व्यवस्था पाहत असे दिसते. शिष्यांसाठी मात्र निराळा आचार होता. साधकाने चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी, मिळालेले अन्न एकत्र करून नदीकाठी जेवावे, रुचीची निवड करू नये व मद्यमांस वर्ज्य करावे, असा तो आचार होय. अन्न एकत्र झाले म्हणजे कोणता घास कोणत्या घरचा हे उरत नाही. जिव्हेची आसक्ती व जातीचा अभिमान ही दोन्ही एकाच पात्रात विरावीत, हा त्यातील हेतू.

याच सुमारास चीनमध्ये ताओमताचा छ्युआनचन् पंथ प्रबळ झाला होता. त्याचा प्रवर्तक वांग छोंगयांग (१११३–११७०) व शिष्य छ्यू छुजी (११४८–१२२७) हे दोघेही विरक्त होते. छ्यू छुजीने तरुणपणी अनेक वर्षे भिक्षेवर व एकभुक्त राहून साधना केली. १२२२ मध्ये चंगीझखानाने त्यास अमरत्वाचे औषध विचारले असता, जीवनरक्षणाचे उपाय आहेत, अमरत्वाचे औषध नाही, असे त्याने सांगितले. या उत्तरामागे प्राचीन परंपरा होती. दीर्घायुष्यासाठी पाच धान्यांचा त्याग करणारे साधक ताओपंथात पूर्वीपासून होते. व सातव्या शतकातील वैद्य सुन् सिमिआव् याने रोगावर प्रथम आहाराने आणि मगच औषधाने उपचार करावा, असे प्रतिपादिले होते.

दोन्हीकडे भिक्षा व मिताहार आढळतात. परंतु येथे परस्परप्रभावाचा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण नाही. ताओपंथीयाच्या दृष्टीने शरीर हे जतन करावयाचे निधान, तर महानुभावाच्या दृष्टीने रुची हे तोडावयाचे बंधन होय. म्हणून महानुभावांच्या भिक्षान्नास आरोग्याचा नियम मानणे इतिहासास धरून होणार नाही. पात्रातील अन्नापेक्षा ते कशासाठी सेविले गेले, हेच अधिक निर्णायक ठरते.